मनगटापर्यंत बटण

वजनकाटे दुरुस्त करायचं माझं काम. काट्याखाली चिकटवलेलं लोखंड, मुद्दाम ताणलेली स्प्रिंग, हेच शोधण्यात तीस वर्षं गेली. माणूस समोर आला तरी त्याच्या तळाशी काय चिकटवलंय ते आधी बघायची खोड लागली. बायको म्हणायची, "तुम्ही देवालाही उलटा करून बघाल."

तिला जाऊन सात महिने झाले. क्लबात पोकर ती खेळायची. मी सोडायला आणि आणायला. घरी मात्र जेवणं झाल्यावर तिनं मला शिकवलं होतं. ती गेल्यावर रविवारची दुपार खायला उठायची, म्हणून मी क्लबात जाऊन तिच्या खुर्चीवर बसायला लागलो.

त्या रविवारी स्पर्धा होती. टेबलावर सहाच जण. माझ्यासमोर एक नवा माणूस, चाळिशीचा, फिकट चेहऱ्याचा. पंखा नुसताच गरगरत होता, सगळे घामाघूम, आणि ह्याच्या शर्टाची बाही मनगटापर्यंत बटण लावून बंद. उजवा हात तळवा वर करून टेबलावर ठेवलेला, जराही हलत नव्हता. पानं उचलणं, बोलीच्या चकत्या ढकलणं, सगळं डाव्या हातानं. डावखुरा असेल म्हणावं, तर नाव नोंदवताना सही उजव्या हातानं केली होती. मी मागेच उभा होतो, पाहिली होती.

बाहीत काहीतरी आहे, एवढं मनात पक्कं झालं.

त्याचा खेळही मला खटकला. बायको सांगायची, नऊ-दहा माणसं असली की दबा धरून बसावं, पण सहाच असली की वाट बघणारा वाट बघतच संपतो. मोठी जोडी आली की लपवून बसायचं नाही. स्वस्तात चौघं आत आली की एक्क्यांची जोडीही मार खाते. बोली वाढवायची, एकालाच सोबत ठेवायचं. आणि पानं कशीही असोत, वाढवायची ती तेवढीच, म्हणजे कुणाला सुगावा लागत नाही. हा माणूस अगदी तसाच खेळत होता. दर वेळी तीन चकत्या. ना कमी ना जास्त.

माझ्या शेजारी निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्यांना गप्प बसणं जमत नाही. त्या म्हणाल्या, "अहो, दर वेळी तीनच? चौथी घरी ठेवून आलात का?"

तो हसला. "चांगली पानं आली की लाजायचं नाही, आणि मिरवायचंही नाही."

ते वाक्य तिचं होतं. शब्दाला शब्द. आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून म्हणायची. क्लबात ती असलं काही बोलत नसे. मग ह्याला ते कुठून मिळालं? माझ्या बायकोनं ते कुणाला, कधी, कुठे बसून सांगितलं? स्पर्धा गेली खड्ड्यात, एवढं कळल्याशिवाय मी उठणार नव्हतो.

त्यानंतर माझा खेळ बिघडला. दहाची जोडी आली, ती मी टाकून दिली, कारण बोली त्यानं वाढवली होती. एक्का-राणी आली, तीही टाकली. त्याला माझी पानं कळतायत असं वाटत राहिलं.

"काका, तुम्ही खेळताय की त्यांच्यावर पहारा देताय?" शिक्षिकाबाई म्हणाल्या.

एकेक करत तिघं बाहेर पडली. उरलो मी, त्या आणि तो. तेव्हा मला दोन राजे आले. त्यानं डाव्या हातानं तीन चकत्या पुढे केल्या. बाईंनी पानं टाकली. मी राजांकडे पाहिलं, मग त्याच्या बाहीकडे. आणि मॅनेजरला हाक मारली.

"यांची बाही वर करायला सांगा."

मॅनेजर म्हणाला, "काका, फार मोठा आरोप आहे हा. खोटा निघाला तर?"

"तर मी परत इथं येणार नाही."

त्या माणसानं वाद घातला नाही. बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर सारली.

आत पत्ता लपवलेला नव्हता. मनगटापासून कोपरापर्यंत फुगलेली, गाठी आलेली शीर होती, आणि तिच्यावर सुयांचे डाग. मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. बायकोचा तसाच हात दोन वर्षं माझ्या उशाशी होता. तिच्या शिरेवर बोटं ठेवली की आत मधमाशी कोंडल्यासारखी थरथर लागायची. मी रोज बघायचो, आतलं रक्त चालू आहे ना.

"डायलिसिस," तो मॅनेजरला म्हणाला. "सुई असताना हा हात चार-चार तास हलवायचा नसतो. पोकर तिथंच शिकलो, शेजारच्या खाटेवरच्या काकूंकडून. त्यामुळे पत्ते हातात आले की हा आपोआप झोपतो." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही काट्याचे काका ना? त्या म्हणायच्या, हे सगळ्यांना उलटं करून बघतात."

मला तेव्हा आठवलं. ती सांगत असे, शेजारच्या खाटेवर एक कटकट्या आहे, जेवणाला नावं ठेवतो, पण पत्त्यात हुशार आहे. मी तिला दारात सोडून कामावर पळायचो, संध्याकाळी नुसतं हूं हूं करायचो. कटकट्या म्हणजे कुणी म्हातारा असेल असं मी धरून चाललो होतो. तिनं काही लपवलं नव्हतं. मीच ऐकलं नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो आणि उठायला लागलो.

"कुठे निघालात? डाव अर्धा आहे," तो म्हणाला. "तिसरी चकती टाकून कधीचा बसलोय. काकूंनी एवढा वेळ लावला नसता."

मी बसलो. दोन राजे अजून तिथंच होते. सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. त्यानंही ढकलल्या आणि पानं उलटली. दोन राण्या.

"बरोबर खेळलात," तो म्हणाला.

मग टेबलावर सगळ्यांची सामाईक पानं उलटत गेली, त्यातलं चौथं राणी निघालं; तीन राण्यांपुढे माझे दोन राजे पडले. मी हरलो. शिक्षिकाबाई चुकचुकल्या.

मी मॅनेजरला सांगितलं, शब्द दिलाय, उद्यापासून माझी खुर्ची दुसऱ्याला द्या. मग त्या माणसाच्या बाहीचं बटण लावून दिलं. एका हातानं ते लागत नाही, मला माहीत आहे.

"तुमचे वार कोणते?"

"मंगळ, गुरू, शनि. सकाळी आठ."

"तिच्या खाटेवर कोण असतं आता?"

"एक आजोबा. दिवसभर घोरतात."

"मग पत्ते मी आणतो," मी म्हणालो.