प्रभारी

धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सरकीच्या तेलाच्या कारखान्यात लीलाधर भिरूड प्रशिक्षण अधिकारी होता. यापुढे सुपरवायझर बाहेरून आणायचे नाहीत, आपल्याच कामगारांतून घडवायचे, असं मालकांनी १९९२ साली मोठ्या हौसेनं जाहीर केलं. लीलाधरनं सहा जण निवडले आणि वर्षभर दर शनिवारी कँटीनशेजारच्या खोलीत बसवून त्यांना शिकवलं. त्यात भिकन अहिरे सगळ्यांत उजवा निघाला.

पहिली जागा रिकामी झाली आणि तिच्यावर नाशिकचा इंजिनिअर आला. आठ महिन्यांत तो गेला. मग पुण्याचा आला. त्याला धुळ्याचा उन्हाळाच सोसला नाही. दोन्ही वेळा मधले महिने पाळी भिकननंच सांभाळली. कागदावर तो 'प्रभारी' होता.

पुण्याचा गेल्यावर ऐन हंगामात एके दुपारी घाणे सारखे तुंबायला लागले. इंजिनिअर असते तर आरडाओरडा झाला असता. भिकननं यंत्रं थांबवली, माणसं गोळा केली आणि एकेकाला विचारलं, "तुला काय दिसलं?"

कधी तोंड न उघडणारा पुना चाचरत म्हणाला, "सकाळपासून सरकी ओली येतेय."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही."

भिकननं कुणाला बोल लावला नाही. ओली पोती बाजूला काढवली आणि तासाभरात घाणे चालू केले. लीलाधर दारात उभा राहून पाहत होता. वर्षभर फळ्यावर लिहून जे सांगितलं, ते या माणसानं पाच मिनिटांत करून दाखवलं होतं.

तो तडक जनरल मॅनेजर बन्सीलालजींच्या केबिनमध्ये गेला. "साहेब, भिकनला आता कायम सुपरवायझर करा."

"माणूस चांगलाच आहे हो," बन्सीलालजी म्हणाले. "पण इथे व्यापारी येतात, बँकेचे लोक येतात. त्यांच्यासमोर त्याला बसवायचं म्हणजे... राहू द्या ना प्रभारी."

त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. उरलेलं लीलाधरला कळलं, आणि कळूनही आपण गप्प बाहेर आलो, याचाच त्याला जास्त संताप आला.

महिन्याभरात तिसरा इंजिनिअर रुजू झाला. पाठोपाठ लीलाधरच्या टेबलावर सहीसाठी आदेश आला: अहिरे यांनी नव्या साहेबांना तीन महिने काम शिकवावे.

आदेश वाचून, सगळं उमगलेला भिकन आपल्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, माले बठ्ठं समजस. आते याले बी मीच शिकाडू का?"

धीर धर, पुढच्या वेळी तुझाच नंबर, असं लीलाधर त्याला दोनदा सांगून चुकला होता. तिसऱ्यांदा ते शब्द तोंडातून निघेनात. त्यानं सही केली नाही. शिरपूरला जीवराम नावाचा त्याचा जुना सोबती जिनिंग फॅक्टरीचा मॅनेजर होता. त्याला चिठ्ठी लिहून त्यानं भिकनच्या हातात दिली. पंधरा दिवसांत भिकन तिथे सुपरवायझर म्हणून रुजू झाला.

बन्सीलालजींनी लीलाधरला बोलावून घेतलं. "तुम्हीच तयार केलात आणि तुम्हीच घालवलात?"

"मी तयार केला, साहेब. तुम्ही वापरला फक्त अडचणीला."

त्याच संध्याकाळी त्याला मेमो मिळाला.

शनिवारचा वर्ग वर्षानंतरही चालूच होता; त्या शनिवारी उरलेले पाच जण खोलीत जमले. सगळ्यांत जुना झुलाल म्हणाला, "भाऊ, मग आमचं काय?"

लीलाधरला खोटं बोलवेना. "इथं तुम्हाला ती खुर्ची मिळेल, असं मी आता सांगू शकत नाही. शिकलेलं मात्र कुणी काढून घेणार नाही."

झुलाल उठला. त्याच्यामागे आणखी एक जण उठला. दोघंही निघून गेले. बाकीच्या तिघांसमोर लीलाधरनं शिकवायला सुरुवात केली, पण त्याच्या आवाजात काही केल्या जोर येईना.