हजेरीची ढाल

तो रविवार नेहमीसारखाच होता. दुपारी चारला बाबांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि तिरोडीच्या डोमाजीकाकांना हाक मारली. दोघांनी तिथल्या मॅंगनीज खाणीत एकाच पाळीत आयुष्य काढलं होतं. आता बाबा बालाघाटला, काका तिरोडीला. पण फोनवरच्या खेळात दोघं एकाच किल्ल्यावर चाल करून जात. तिसरी मी, मित्रा.

खेळात पैसा घालायचा नाही, हा बाबांचा नियम. समोरचे लोक खरे पैसे देऊन सोन्याची चिलखतं घेत आणि आम्हाला दरवाजाशीच लोळवत. बाबा त्यांना 'ठेकेदार' म्हणत. महिनाभर रोज हरूनही ते हसत. त्या शनिवारी हसले नाहीत. म्हणून मी गुपचूप एक ढाल विकत घेऊन त्यांच्या नावे पाठवली.

रविवारी खेळातल्या बक्षिसांच्या पेटीत ढाल निघाली, सोबत एक झेंडा. बाबांच्या खेळाचा तो तिसावा दिवस. खाणीत महिनाभर खाडा न करणाऱ्याला बक्षीस मिळे. ढालही हजेरीचीच, याखेरीज बाबांना दुसरं काही सुचलंच नाही.

"डोमाजी, हजेरीचं भेटलं बे!"

मी बोलणार, तेवढ्यात शिंग वाजलं. बाबा पुढे. तलवारी ढालीवर आदळत होत्या. ती तडकली, पण टिकली. डावीकडून ये, ते ओरडले, मी धावले. काकांनी शिडी लावली. दहा सेकंद गेले, वीस गेले, आम्ही उभेच. दरवाजा करकरला, पडला. बाबांनी झेंडा रोवला तेव्हा चहा सांडला होता, खुर्ची आडवी होती आणि एकसष्ट वर्षांचा माणूस स्वयंपाकघरात नाचत होता. पैशाबिगर जिंकलो, हे ते गल्लीत तीन घरी सांगून आले. मी मनाशी म्हटलं, खरं उद्या सांगू.

सोमवारी सकाळी ते न्हाणीच्या दाराशी कोसळले. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला काकांनी विहारात तीच गोष्ट सांगितली: चैतराम नुसत्या हजेरीवर जिंकला. मी पुढच्या मेणबत्त्या सरळ करत राहिले. काकांचे खेळात आधी खाडे फार. पण बाबा गेल्यावर त्यांनी नव्याने मोजणी सुरू केली आणि एकही दिवस चुकवला नाही. रोज फोन करून आकडा सांगत. सव्वीस. सत्तावीस. त्यांचा आवाज चढत होता, आणि मीही बाबांचा फोन घेऊन चारची वाट बघू लागले होते.

तिसाव्या दिवशी त्यांनी फोनवर बोलता बोलता पेटी उघडली. आत झेंडा. फक्त झेंडा.

"काहून वं मित्रा, माह्या हजेरीत खोट हाय का? चैतरामले तं ढाल भेटलती."

माझ्या हातातल्या फोनवर बाबांचा योद्धा ती तडकलेली ढाल धरून उभा होता.

"हजेरीचा झेंडाच राहते, काका," मी म्हणाले. मग त्या योद्ध्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्हीबी ऐका. ढाल म्या विकत घेतलती. तुम्हाले हरताना मले पाहवत नव्हतं."