एकाहत्तर टक्के नवरा

संगणक एकाहत्तर टक्क्यांवर अडकला तेव्हा माझा नवरा गळ्यापर्यंत परत आला होता.

तासगावात तहसील कचेरीसमोर आमचं डीटीपीचं दुकान आहे. 'आमचं' ही आपली म्हणायची सवय. तीन वर्षांपूर्वी मुरलीधर गेले, तेव्हापासून ते माझंच आहे. टायपिंगही मी त्यानंतर शिकले, सत्तेचाळिसाव्या वर्षी. ते होते तोवर मी त्या खुर्चीवर फक्त फडकं मारायचे.

सकाळी वीज गेली, आली, आणि यंत्र काही उठेना. आत माझ्या मुलीच्या, शलाकाच्या लग्नाची पत्रिका होती आणि ती चारच्या आत छापखान्यात जायला हवी होती. पडद्यावर विचारलं होतं, कुठल्या तारखेला मागे न्यायचं? तारीख एकच होती, तीन वर्षांपूर्वीची, ते जायच्या आधीची. दुरुस्तीवाले नजीर शिकलगार फोनवर म्हणाले, "घ्या तीच. फायली राहतात, बाकीचं मागं जातं." मी घेतली.

वीस टक्क्यांना खुर्चीखाली त्यांच्या चपला आल्या, पायांसकट. चाळिसाला मांड्या आल्या. पँटची घडी मी ओळखली, कारण ती इस्त्री माझीच होती. पन्नासच्या पुढे हात आले आणि मी दोन पावलं मागे सरकले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावरही जात नाही. उजव्या हाताने टिचकी वाजवली आणि मी मुकाट्याने पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. मग माझाच मला राग आला. प्यायला तोंड कुठे होतं?

एकाहत्तरला शर्टाची कॉलर आली आणि आकडा थांबला. तासभर झाला तरी हलेना. कॉलरच्या वर मागची भिंत दिसत होती आणि भिंतीवर त्यांचा फोटो. सकाळी त्याला हार होता, आता नव्हता.

शेवटी शिकलगार स्वतः आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"हे कोण?"

"मिस्टर."

"वारले होते ना?"

"हो."

"मग बरोबर." त्यांनी यंत्राला कान लावला. "आत चाललंय काहीतरी. बंद करू नका."

"बंद केलं तर?"

"पत्रिका जाईल. आणि हे एवढेच राहतील."

"चालू ठेवलं तर?"

"पुरे होतील." त्यांनी पिशवी उचलली. "काय बोलायचं असेल ते आत्ताच बोलून घ्या, वहिनी. तोंड आलं की तुमचा नंबर लागायचा नाही."

ते गेले. टेबलावर पत्रिकेचं कालचं प्रूफ होतं. वधूपित्याच्या नावाआधी मी 'कै.' टाकलं होतं. आता तिथे 'श्री.' होतं. मी ते पेनने खोडून पुन्हा 'कै.' लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्याचं 'श्री.' झालं. वराचं नाव मात्र जसंच्या तसं होतं, प्रज्ञेश कांबळे. असल्या आडनावाचा मुलगा यांनी दारात उभा केला नसता. पण वाचायला डोळे लागतात, आणि डोळे ऐंशीच्या पुढे कुठेतरी असणार.

म्हणून मी बोलले. "शलाका कांबळ्यांच्या घरी चाललीये," मी कॉलरला सांगितलं. "मी हो म्हटलंय. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, ते खरं होतं. तेराव्यानंतर मला पहिल्यांदा पोटभर झोप लागली, तेही खरं होतं. मला तुम्ही परत नको आहात."

त्यांची बोटं टेबलावर वाजत राहिली. सव्वीस वर्षांचं सांगायचं होतं, पण पुढची वाक्यं सापडेनात. कीबोर्डकडे पाहिलं तर अक्षरंही परकी झाली होती. 'क' कुठे असतो हे कालपर्यंत माझं बोट झोपेतसुद्धा सांगत होतं. माझ्या हातांत हिरव्या बांगड्या आल्या होत्या, त्याही मापापेक्षा एक नंबर लहान. ये रे माझ्या मागल्या. जाऊ दे ती पत्रिका, म्हणून मी यंत्राकडे हात नेला. त्याला दोन बटणं होती. त्यातलं बंद करायचं कुठलं, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

आकडा हलला. बहात्तर. हनुवटी आली, नुकतीच दाढी केलेली.

शलाका रस्त्यावरूनच बोलत आत आली. "आई, झाली का गं पत्रिका? प्रज्ञेश बाहेर गाडीवर थांबलाय."

"हळू बोल," मी म्हणाले. "बाबा काम करतायत."

 तिने चपला काढून हातात घेतल्या, प्रूफ ओढणीखाली सरकवलं आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. बाहेर प्रज्ञेशने हॉर्न वाजवला. कान अजून आले नव्हते, तरीही खुर्ची दाराकडे वळली.