सिंधूच्या बस्त्यातली इरकल

अर्धीच उरलेय मी, तरी मला इरकलच म्हणायचं. चिंधी म्हणाल तर एक अक्षर बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते. अंग सुताचं, पदर रेशमाचा, रंग डाळिंबी. आता रंग उडालाय, पण होता. कर्नाटकात एका म्हातारीनं सुनेला कानडीत शिव्या देत देत मला विणलं. तिच्या मागावर मी जेवढे दिवस होते तेवढ्या शिव्या ऐकल्या, म्हणून माझी जीभ जरा तिखट आहे.

तिथून उदगीरला माणिकप्पांच्या दुकानात आले. कपाळाला विभूती, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, आणि बोलणं साखर घातल्यासारखं. लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. माणिकप्पांनी पाटीवरचं उस्मानाबाद पुसून मोठ्या अक्षरांत लातूर रंगवून घेतलं होतं. जिल्हा नवा झाला, पण पाऊस काही आला नाही. आभाळ नुसतं बघत होतं आणि माणसं आभाळाकडं.

तशातही लग्नं होतच होती. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बस्त्याला येत आणि नवरा-नवरीचं, मानपानाचं सगळं कापड एका बैठकीत घेत. बस्त्याच्या बैठकीत माणिकप्पा काळं कापड उलगडत नसत. फाटणं, जळणं, मरणं असला शब्द तर तिथं कुणीच तोंडातून काढत नसे. खण वेगळा करायचा असला तरी ‘फाड’ म्हणायची चोरी. मला तेव्हा हे सगळं फार शहाणपणाचं वाटायचं.

एके दिवशी चाकूरकडची तुळजाबाई आपल्या सिंधूच्या बस्त्याला आली. सोबत सिंधूची होणारी सासू, सरजाबाई. पुरुष मंडळी बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसली. गादीवर साड्यांचा ढीग पडला, आणि सिंधूनं त्यातून नेमकं मला ओढलं. गालाला लावलं. पोरीची निवड पक्की होती, खोटं कशाला बोलू?

“माय, हीच. लग्नात हीच नेसते.”

तुळजाबाईनं माझं सूत अंगठ्यानं चोळून बघितलं. तिला मी आवडले होते, हाताला कळतं ते. पण तिनं मला मांडीवर ठेवलं आणि विहीणबाईकडं वळली.

“इहीनबाई, पान्याचं कसं हाय तुमच्याकडं?”

“काय सांगू बाई,” सरजाबाई म्हणाली, “इहिरीत दगडं उघडी पडल्यात. टँकर आला तर आला. वढ्यात झिरा उकरून वाटी-वाटीनं घागर भरून राहिलोत आमी.”

तुळजाबाईचा चेहरा उतरला. तिनं सिंधूला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, “सिंधे, लग्नाचीच साडी फुडं रोजच्याला निघती. ही लई पानी पिती गं. रंग सोडती, खळ मागती. एवढं पानी कुटून आनशील? तुज्याच डोस्क्यावरनं ना?” मग मोठ्यानं, “अप्पा, कमी पान्याची दावा कायतरी.”

माणिकप्पांनी नायलॉनची साडी उलगडली. राणी रंग, त्यावर पांढरी फुलं. चकचक तर अशी की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. सरजाबाई तर खुलूनच गेली. “हाव, आसली आमच्या गावात कुणाकडंच न्हाई! तांब्याभर पान्यात निघती म्हन्त्यात, झटकली की वाळली.”

“आवो, मग हीच द्या लग्नाला,” तुळजाबाई म्हणाली. लेकीच्या मानेचा विचार करून म्हणाली ती. त्या दिवशी त्या दुकानात तिच्याइतकी माया कुणाचीच नव्हती, हे मी छातीठोक सांगते.

माणिकप्पांची बोटं नायलॉनवर थांबली. मागं कुणाच्या तरी बिडीची ठिणगी पडून असल्याच साडीला भोक पडलं होतं. विझवायला गेले तर कापड मेणासारखं वितळून बोटाला चिकटलं आणि निघालं ते कातडी घेऊनच. बोटाच्या शेंड्यावर अजून गुलाबी डाग होता.

“अक्का, एक सांगू का...” त्यांनी तोंड उघडलं. समोर हळदी-कुंकवाचं ताट, हसरी विहीण, मान खाली घालून बसलेली नवरी. “सांगा की अप्पा,” तुळजाबाई म्हणाली.

“रंग पक्का हाय,” माणिकप्पा म्हणाले आणि साडीची घडी घालायला लागले.

मी बघितलं ते. मला ओरडायचं होतं, पण कापडाला तोंड कुठलं? सिंधूच्या डोळ्यांत पाणी बघून तुळजाबाईनं मलाही घेतलं, ट्रंकेत ठेवायला. “पानीपाऊस झाला की नेस,” म्हणाली. अशी मी सिंधूच्या सासरी गेले, अंधाऱ्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांशेजारी.

सासर वाईट नव्हतं. सरजाबाई तोंडानं फटकळ, पण सुनेला उपाशी ठेवणारी नव्हती. सिंधू पहाटे झिऱ्यावर जायची, येऊन भाकरी थापायची. ट्रंक चुलीच्या खोलीतच होती, मला सगळं ऐकू यायचं. एका सकाळी फुंकणीचा आवाज आला, तुऱ्हाट्या तडतडल्या, आणि पाठोपाठ अशी किंकाळी की माझ्या घड्या सुटल्या.

“आत्याबाई!”

सिंधूचा नायलॉनचा पदर चुलीत गेला होता. सुताचा पेटला असता तर ओढून फेकता आला असता, असं मी म्हणते. हा फेकता येईना. वितळला आणि अंगाला बसला. सरजाबाई रांजणाकडं धावली. रांजणात तळाला गाळ होता. तिनं गोधडी टाकून पोरीला घट्ट कवटाळलं, स्वतःचे हात भाजून घेतले, आग विझली. मग ट्रंक उघडून मला ओढलं आणि माझ्यात गुंडाळून सिंधूला जीपगाडीत घातलं.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर चिमट्यानं तो राणी रंग तिच्या मानेवरून, छातीवरून काढत होते. एक एक फूल. सिंधू ओरडायची आणि तुळजाबाई बाहेर भिंतीला डोकं लावून उभी राहायची. “म्याच दिली गं, म्याच दिली,” एवढंच बोलायची.

डॉक्टरांनी जुनेर, मऊ सुती कापड मागितलं. मी नवी होते, ताठ होते. तुळजाबाईनं मला मऊ करायला घेतलं. उकळत्या पाण्यात घातलं, आपटलं, पुन्हा घातलं. एवढं पाणी मला जन्मात मिळालं नव्हतं. डाळिंबी रंग गटारीतून वाहून गेला. मग तिनं मला मधोमध फाडलं. फाडताना चर्र आवाज झाला, आणि कुणी त्याला अशुभ म्हणालं नाही. अर्धी मी पट्ट्या होऊन सिंधूच्या जखमांवर संपले. मला त्याचं दुःख नाही. असल्या कामाला लागले, बास.

माणिकप्पा भेटायला आले होते. पिशवीत संत्री होती. “अक्का, त्या दिशी माज्या तोंडाशी आलतं... पन बस्ता होता.” “बोलायचं होतं अप्पा,” तुळजाबाई म्हणाली.

सिंधू वाचली. मान वाकडी राहिली, हनुवटी छातीकडं ओढली गेली. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. ती माहेरी आली, आणि उरलेली मी तिच्या मानेभोवती. दुसरं कुठलंच कापड तिला सोसत नाही.

पुढं तिच्या धाकट्या बहिणीचं, गयाचं, लग्न ठरलं. भावकी म्हणाली, सिंधूला बस्त्याला नेऊ नका, बरं दिसत नाही. तुळजाबाईनं ऐकलं नाही. पुन्हा उदगीर, पुन्हा माणिकप्पांचं दुकान, पुन्हा बिनपावसाचं साल. नवरदेवाच्या आत्यानं चकचकीत नायलॉनची साडी उचलली. “आमच्याकडं पान्याचे लई हाल, हीच बरी.”

“अप्पा, काडीपेटी द्या,” सिंधू म्हणाली.

“आगं बया! बस्त्यात काडी वढू नी!” आत्या ओरडली.

माणिकप्पांनी स्वतः साडीचा एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा आक्रसला, काळा मणी होऊन टपकन फरशीवर पडला आणि धुमसत राहिला. मग सिंधूनं माझ्यातला एक धागा काढला. तो भुरकन जळला, राख झाली, फुंकर मारली तर उडून गेली.

“हिला सुताची घ्या,” सिंधू म्हणाली. “पान्याला मी जाईन तिच्या सासरी. वाकड्या मानंनं जाईन.”

आत्या अपशकुन, अपशकुन करत उठली. तिच्यामागं सगळे उठले, चपला घालून ओट्यावरून उतरले. कुंकवाचं ताट तसंच राहिलं. गया रडायला लागली. तुळजाबाईनं दाराकडं पाठ फिरवली आणि गादीवर नीट मांडी घातली.

“जाऊ द्या त्यास्नी. अप्पा, इरकल दावा.”

ते लग्न मोडलंच. गया अजून घरी आहे, आणि गावात मायलेकींना येडं म्हणतात. म्हणोत. मी आता विरत चाललेय, सिंधूच्या मानेवरून कधी गळून पडेन सांगता येत नाही. त्याआधी तुम्हाला हात जोडते. बस्त्याला बसाल तेव्हा रंग विचारा, काठ विचारा, किती पाण्यात निघते तेही विचारा. आणि मग पोरीच्या देखत, विहिणीच्या देखत, ही पेटली तर काय होतं, तेही विचारा. दुकानदार गप्प बसला तर त्याचा हात धरा, पण विचारा.