सुनेची घटपर्णी

सून संध्याकाळी परत येणार होती आणि तिची लाडकी घटपर्णी, ते माशा गिळणारं झाड, मान टाकून बसली होती. जाताना तिने झाडं सासरेबुवांच्या हवाली केली होती. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या या माणसाने डोळ्याला भिंग लावून कुंडी उपसली. मुळांत काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. श्वास रोखून ते चिमट्याने एकेक अळी वेचू लागले. हात जरा हलला तरी मूळ तुटणार होतं. तेवढ्यात चिमट्याला काहीतरी मऊ लागलं. उकडलेलं अंडं, तेही सडलेलं.

"हे कोणी पुरलं?"

"मी," दारात उभी असलेली बायको म्हणाली. "मांसाहारी आहे म्हणाली होती ना ती? मग? झाडाला मुळाशीच घालतात."

"अगं, हिचं तोंड वर आहे. खाली तू नुसत्या अळ्या पोसल्यास." त्यांनी कपाळ पुसलं. "नशीब, एका कुंडीवर निभावलं."

बायकोने खिडकीतल्या कुंड्यांच्या रांगेकडे पाहिलं.

"बाकीच्यांना उपाशी ठेवलं असतं होय मी?"

दारावरची बेल वाजली.