तयार शब्दाचा ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मित्रांनो, छापखान्यात ठोकळे पुष्कळ असतात, पण माझ्याइतका मिरवलेला दुसरा कोणी नाही. माझ्या अंगावर उलट्या, ठसठशीत अक्षरांत एकच शब्द कोरला आहे: घुसखोर.

माझा जन्म घाईतून झाला. सीमेपलीकडे लढाई पेटली आणि तिकडची माणसं बोचकी घेऊन आमच्या गावात येऊ लागली. आमचं दैनिक लहानसं. तिथे अक्षराचा एकेक शिशाचा खिळा उचलून मजकूर बांधणाऱ्याला सगळे जुळारीकाका म्हणत. मोठ्या मथळ्याचे खिळे नेहमीच अपुरे. रोज तोच शब्द जुळवून काका वैतागले, तेव्हा संपादकांनी सुताराकडून मला कोरून घेतलं. कठीण लाकूड, बारीक पटाशीचं काम, वर तेलाचा हात. मी दिसायला देखणा होतो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

कायदा तेव्हा साधा होता. पलीकडून आलेल्याने आसऱ्यासाठी अर्ज करायचा आणि निकाल लागेपर्यंत तो 'अर्जदार'. त्याला राहायची, काम करायची मुभा होती. पण 'अर्जदार' खिळ्यांनी जुळवावा लागे आणि मी हाताशी तयार. चौकटीत बसवला, शाईचा रूळ फिरवला, झालं काम. दुकान फुटलं, मी. दवाखान्यात रांग लागली, मी. एकदा नळाला पाणी आलं नाही, तेव्हाही पहिल्या पानावर मीच होतो. संपादक काही दुष्ट नव्हते, पण त्यांना उसंत नव्हती आणि अंक हातोहात खपत होता. गल्लीत नवा चेहरा दिसला की लोक माझा शब्द कुजबुजायचे. मी फुशारून जायचो.

अंकांच्या घड्या घालायला एक बाई होती. तिला सगळे घडीवाली म्हणत. ती पलीकडचीच, अर्ज केलेली. घरी अंथरुणावर सासू. रोज सकाळी घडी पक्की करताना तिचा तळहात नेमका माझ्या छापावरून फिरायचा. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही.

मग नगरपालिकेने नियम केला की घुसखोराला खोली भाड्याने देईल त्याला दंड. चक्क नियमात माझा शब्द! पण त्याच आठवड्यात घडीवालीच्या घरमालकाने तिला खोली रिकामी करायला सांगितलं. तुम्ही त्यातल्या की नाही हे मला कळत नाही, उगाच डोक्याला ताप नको, असं तो म्हणाला. आजारी सासूला घेऊन ती कुठे जाणार होती?

काकांनी हे संपादकांच्या कानावर घातलं. अर्जदार या नियमात येतात का, हे विचारायला संपादक तडक नगराध्यक्षांकडे गेले आणि चेहरा पाडून परतले. नगराध्यक्ष हसून म्हणाले होते, "शब्द तुमच्याच पेपरातला आहे हो. कोण ते तुम्हीच सांगा."

नियमाने पेपरातून शब्द उचलला होता आणि पेपर आता नियमाकडे अर्थ मागत होता. मधल्या मधे एका बाईचं छप्पर जात होतं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्या पानावर होतो, पण माझ्यापुढे काकांनी दोन शब्द जुळवले होते: 'म्हणजे कोण?' खाली मूळ कायदा सोप्या भाषेत दिला होता, आणि ज्यांनी होकार दिला त्या अर्जदारांची नावं आणि कामं. संपादकांनी घडीवालीला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "घाला माझं नाव. रोज छापता ते कोण आहे, ते लोकांना एकदा कळू द्या."

नगरपालिकेच्या सभेला लोक अंक घेऊनच गेले. बेकरीच्या मालकाने विचारलं, माझ्या भट्टीवरचा माणूस यात येतो का? डॉक्टरीणबाईंनी आपल्या परिचारिकेबद्दल विचारलं. सभासदांनी नियमाचा कागद पुन्हा पुढ्यात घेतला. शेवटी तो शब्द खोडला गेला आणि अर्जदारांना खोली देता येईल असं स्पष्ट लिहिलं गेलं. घरमालक स्वतः येऊन घडीवालीला 'राहा' म्हणाला. जाता जाता त्याने भाडं वाढवायचं सुचवून पाहिलं, पण सासूने अंथरुणातूनच असे डोळे वटारले की त्याने काढता पाय घेतला.

काका मला चुलीत घालायला निघाले होते. घडीवालीने त्यांना अडवलं.

"जाळू नका, दादा. उद्या खरंच कोणी चोरून घुसलं तर लागेल की. फक्त याला उचलायच्या आधी, कुणासाठी उचलताय त्याचं नाव मोठ्याने सांगायचं."

छापखान्याने ते पाळलं. मित्रांनो, तयार शब्द तुमच्याही हाताशी असतील. ते जपून ठेवा, पण वापरण्याआधी समोरच्याचं नाव विचारा. मी अजून फळीवर आहे, धडधाकट, तेलपाणी केलेला. घाईच्या वेळी नव्या जुळाऱ्याचा हात माझ्याकडे येतो. तो नाव आठवू पाहतो, ते सापडत नाही, आणि मग त्याचा हात खिळ्यांकडे वळतो.