चालता पंप

शनिवार, ७ फेब्रुवारी १९९८, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. बाटलीत गोळ्या अठ्ठावीस. आर्विड हॉगनने त्या आपल्या मुलीच्या स्वयंपाकघरात, टेबलावर ओतून मोजल्या. बाटलीवर नातीचे नाव होते: ब्रिटा, वय नऊ. औषध मात्र नैराश्यावरचे.

"ब्रिटा उदास कधीपासून झाली?"

"उदास नाही हो, बाबा. चंचलपणावरही देतात ही." वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून आलेली कारिन ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"आधीची चांगली लागू पडली होती. भूक जरा कमी झाली, एवढंच. मग बदलली कशाला? डॉक्टरला औषध कंपनीवाल्यानं मासेमारीला नेलं असणार."

"डॉक्टरला मासे आवडत नाहीत."

आर्विड हसला नाही. अमेरिकेतल्या डुलुथच्या बंदरावर त्याने आयुष्यभर पंप दुरुस्त केले होते. चालता पंप कोणी उघडत नाही. उघडलाच, तर बिघाड दुसरीकडे असतो, हे तंत्रशाळेत पहिल्याच वर्षी शिकवलेले. त्याने ओट्याकडे पाहिले. वर्षभर दोन-दोन पाळ्या करूनही कारिन कधी दमलेली दिसली नव्हती. या आठवड्यात तिला कपही धड धरवत नव्हता.

"कारिन, जुन्या गोळ्या महिना संपायच्या आत का संपायच्या?"

कारिन त्याच्याकडे वळली.

"मी खात होते. त्याशिवाय दुसरी पाळी निघत नव्हती. म्हणून ही नवी मीच डॉक्टरकडून मागून घेतली. ही खाऊन मला तरतरी येत नाही."

"जुनी सुरू कर. मी माझ्या घरी कुलपात ठेवतो, रोज सकाळी आणून देतो."

"बाबा, तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे."

त्याने गोळ्या पुन्हा बाटलीत भरल्या.

नऊ वाजता तो ब्रिटाला घेऊन गोठलेल्या सरोवरावर गेला. बर्फाला भोक पाडून त्याने गळ सोडला आणि तिला पालथ्या बादलीवर बसवले. डिसेंबरात, जुनी गोळी चालू असताना, याच बादलीवर ती पाऊण तास गप्प बसली होती. दोन मासे तिने स्वतः काढले होते.

"आजोबा, मासे उठले का?"

"उठतील. दमानं घे."

"आई म्हणते, नवी गोळीपण उशिरा उठते."

बादली कलंडली. लाल टोपीतली ब्रिटा किनाऱ्याकडे धावत सुटली. आर्विडने हातमोजा सारून घड्याळ पाहिले.

अकरा मिनिटे.